लाल कमानीपलीकडचा सज्जन गुंड

टोकियोच्या शिंजुकू स्थानकातून पूर्वेच्या दाराने बाहेर पडावे, मोठा रस्ता ओलांडावा आणि पाच-सात मिनिटे चालावे. समोर दिव्यांची एक लाल कमान येते. तिच्यावर 'काबुकिचो इचिबानगाई' अशी अक्षरे झळकत असतात. कमानीतून आत गेले की दोन्ही बाजूंना एकावर एक चढलेल्या उभ्या पाट्या, खोलीएवढे बार, कराओकेची दुकाने, रामेनच्या वाफा आणि गिऱ्हाईक आत ओढू पाहणारी पोरे. जपानमधली ही सर्वांत प्रसिद्ध आणि तितकीच बदनाम अशी रात्रवस्ती. तिच्या नावातच एक गंमत आहे. काबुकिचो म्हणजे काबुकी नाटकाचा मोहल्ला; पण काबुकीचे नाट्यगृह येथे कधी उभेच राहिले नाही. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत हा भाग बेचिराख झाला. तो नव्याने वसवणाऱ्यांनी येथे काबुकीचे थिएटर आणण्याचा बेत केला आणि त्या भरवशावर १९४८ मध्ये वस्तीला नावही देऊन टाकले. थिएटर आले नाही. नाव मात्र चिकटले.

न झालेल्या नाटकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीवर जवळजवळ साठ वर्षांनी एक वेगळेच नाटक रचले गेले. ८ डिसेंबर २००५ रोजी सेगा या जपानी कंपनीने प्लेस्टेशन-२ या यंत्रासाठी एक व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्याचे जपानी नाव 'रियू गा गोतोकु', म्हणजे 'ड्रॅगनसारखा'. पुढच्या वर्षी पाश्चात्त्य देशांत तो 'याकुझा' या नावाने गेला. याकुझा म्हणजे जपानी संघटित गुन्हेगारांच्या टोळ्या, आणि त्या टोळीतला माणूसही. खेळातल्या वस्तीचे नाव कामुरोचो असे बदललेले. पण कमान तशीच लाल, गल्ल्या तशाच अरुंद आणि पाट्यांची दाटीही तीच. मूळ मालिकेचे आठ भाग, त्यांच्या आगेमागे निघालेल्या उपकथा, जुन्या भागांच्या नव्या आवृत्त्या, २००७ मध्ये ताकाशी मिईके यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट, २०२४ मध्ये ॲमेझॉनने केलेली मालिका, असा या खेळाचा पसारा आज वाढला आहे.

या वीस वर्षांत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. पडद्यावरचा याकुझा जगभरच्या तरुणांचा लाडका होत गेला आणि रस्त्यावरचा याकुझा नाहीसा होत गेला. एक वर चढत असताना दुसरा खाली का यावा, आणि खाली येणाऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न व्हिडिओ गेममध्ये ज्यांना यत्किंचितही रस नाही अशांनीही विचारावा असा आहे.

चार गल्ल्यांचे जग

सेगाचे दिवस तेव्हा बरे नव्हते. घरगुती खेळाची यंत्रे बनवण्याच्या धंद्यातून कंपनीने २००१ मध्ये अंग काढून घेतले होते आणि २००४ मध्ये सॅमी या कंपनीशी तिचे विलीनीकरण झाले. तोशिहिरो नागोशी हे तेथील एक जुने निर्माते. चित्रपटकलेचे शिक्षण घेतलेला हा माणूस मोटारशर्यतीच्या 'डेटोना यूएसए' या खेळामुळे नावारूपाला आला होता. त्या काळी सर्वांची नजर अमेरिकी बाजारावर आणि शाळकरी पोरांवर असे. नागोशी यांनी उलटा विचार केला. खेळ जपानी माणसासाठी, तोही वयात आलेल्या माणसासाठी करायचा. त्यात दारू असेल, कर्ज असेल, बाईमाणसाचे दुःख असेल. वरिष्ठांनी हा प्रस्ताव आधी नाकारला होता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. अखेर परवानगी मिळाली. काबुकिचोच्या काळ्या जगावर कादंबरी लिहून गाजलेले लेखक सेइशू हासे यांना कथेवर देखरेख करण्यासाठी बोलावण्यात आले.

कथा अशी. काझुमा किरियू हा अनाथाश्रमात वाढलेला मुलगा टोळीत शिरतो आणि पाठीवर ड्रॅगन गोंदवून घेतो. १९९५ मध्ये त्याच्या टोळीप्रमुखाचा खून होतो. खून केलेला असतो त्याच्याच बालमित्राने, निशिकियामाने. कारण प्रमुखाने त्यांच्या मैत्रिणीवर हात टाकलेला असतो. किरियू आळ स्वतःवर घेतो आणि दहा वर्षे तुरुंगात काढतो. २००५ मध्ये तो बाहेर येतो तेव्हा मित्र बदललेला असतो, मैत्रीण बेपत्ता असते, टोळीचे एक हजार कोटी येन नाहीसे झालेले असतात आणि आईचा शोध घेत एकटीच हिंडणारी हारुका नावाची नऊ वर्षांची मुलगी त्याच्या पदरात पडते. पुढचा सारा खेळ म्हणजे या मुलीचे बोट धरून त्याने केलेली वणवण.

ज्यांनी असा खेळ कधी हाताळला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या जातीच्या खेळांना 'मोकळ्या जगाचे' खेळ म्हणतात. म्हणजे एक सबंध शहर पडद्यावर उभे करायचे आणि खेळणाऱ्याला त्यात मनास येईल तसे भटकू द्यायचे. अमेरिकी पठडीत हे जग मैलोगणती पसरलेले असते आणि तेथे मोटारी पळवता येतात. कामुरोचो मात्र इवलेसे आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-चार मिनिटांत चालत जाता येते. चालता चालता कोपऱ्यावरचे टगे हटकतात, बघे रिंगण धरतात आणि मारामारी जुंपते. एका बटणाने ठोसा, दुसऱ्याने लाथ. हाताशी सापडेल ते हत्यार, मग ती फुटपाथवर लावलेली सायकल असो नाहीतर दुकानाची पाटी. मार भयंकर असतो, हाडे मोडल्याचे आवाज येतात. पण रस्त्यावरच्या या मारामारीत कोणी मरत नाही. मार खाल्लेले टगे उठून माफी मागतात, खिशातले काहीबाही काढून देतात आणि निघून जातात.

मारामारी नसेल तेव्हा काय करायचे? रामेन खायचे, कराओकेत गायचे, माजोंग किंवा शोगीचा डाव टाकायचा, यंत्राच्या पंज्याने खेळणे उचलून एखाद्या पोरीला द्यायचे. आणि वाटेत भेटेल त्याचे गाऱ्हाणे ऐकायचे. २०१५ च्या भागात एका लहान मुलाने रांगेत उभे राहून विकत घेतलेला नवाकोरा व्हिडिओ गेम कोणी हिसकावून नेतो. किरियू चोरामागे धावतो, तर त्या चोराकडून तो दुसऱ्याने पळवलेला असतो, त्याच्याकडून तिसऱ्याने. साखळीच्या शेवटी कोण निघावे? त्या मुलाचा बाप. मुलाला भेट द्यायला म्हणूनच त्याने तो पळवलेला असतो. अशा शेकडो छोट्या गोष्टी या गल्ल्यांतून पेरलेल्या आहेत, आणि खेळणाऱ्यांना विचारले तर खुनाखुनीच्या मूळ कथेपेक्षा त्याच अधिक आठवतात.

कामुरोचोचे खरे बळ आणखी एका गोष्टीत आहे. एकामागून एक भाग येत गेले तरी वस्ती तीच राहिली. फक्त वर्षे उलटत गेली. २०१५ चा भाग मागे, १९८८ मध्ये जातो. जपानमध्ये तेव्हा जमिनीच्या भावांनी आकाश गाठले होते. टोकियोतल्या राजवाड्याच्या आवाराची किंमत साऱ्या कॅलिफोर्नियाहून अधिक भरते, असा हिशेब लोक गमतीने मांडत. जुन्या भाडेकरूंना धमकावून जागा रिकाम्या करून देणे हा याकुझाचा त्या काळातला मोठा धंदा होता. खेळाची सारी कथा रचली आहे ती काही हात लांबीरुंदीच्या एका रिकाम्या तुकड्यासाठी, आणि मारामारीत ठोसा बसला की समोरच्याच्या अंगातून नोटा उडतात. ज्याने २००५ चा भाग आधी खेळलेला असतो, त्याला ठाऊक असते, की या तुकड्यावर पुढे काचेचा मनोरा उभा राहणार आहे. पहिल्या भागात बेघरांनी भरलेल्या बागेच्या जागीही पुढच्या भागांत चकचकीत संकुल येते. आपल्या डोळ्यांदेखत आपला मोहल्ला परका होत जाण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या खेळाची ओढ का लागते हे वेगळे समजावून सांगायला नको.

भल्या गुंडाचे कूळ

किरियू पैशाला शिवत नाही, बाईवर हात उगारत नाही, दिलेला शब्द मोडत नाही, जीव घेत नाही. असा याकुझा कोठून आला? तो सिनेमातून आला. १९६० च्या दशकात तोएई या चित्रपटकंपनीने 'निंक्यो' पठडीचे बोलपट धडाधड काढले. त्यात केन ताकाकुरासारखा नायक असे. मितभाषी, अपमान गिळणारा, आणि शेवटी असह्य होऊन तलवार घेऊन एकटाच शत्रूच्या घरी चालत जाणारा. 'गिरी' म्हणजे ऋणाचे कर्तव्य आणि 'निंजो' म्हणजे माणसाची माया, या दोहोंमध्ये तो पिळवटून निघे. आपल्या हिंदी पडद्यावरच्या दिलदार 'भाई'ची ज्यांना सवय आहे, त्यांना हा माणूस लगेच ओळखता येईल. १९७३ मध्ये किंजी फुकासाकू यांनी 'जिंगी नाकी तताकाई' या चित्रपटाने हे चित्र फाडून टाकले. हिरोशिमा भागातल्या खऱ्या टोळीयुद्धावर बेतलेल्या या चित्रपटात ना मान होता ना माया; होती ती भेकड आणि विश्वासघातकी माणसे. नावाचा अर्थच मुळी 'इमानाविना लढाई' असा.

नागोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही पठड्या एकत्र केल्या. भोवतालची दुनिया फुकासाकूची, आणि तिच्यात वाट चुकून आलेला नायक ताकाकुराच्या घराण्यातला. म्हणूनच या खेळातला चांगुलपणा अगदीच भाबडा वाटत नाही. किरियूला बापाच्या मायेने वाढवणारा काझामा हा टोळीतला वडीलधारा माणूस; अनाथाश्रम चालवणारा देवमाणूसच जणू. पण पहिल्या भागाच्या अखेरीस मरता मरता तो कबुली देतो, की किरियूच्या आईबापांना त्यानेच मारले होते. ज्या हातांनी मुले पोरकी केली, त्याच हातांनी ती वाढवली. या एका प्रसंगात याकुझाच्या साऱ्या परोपकाराचा ताळेबंद आहे.

अर्थात, खेळ सोयीने डोळेझाकही करतो. अमली पदार्थ, बायकांचा व्यापार, वसुली हे सारे नेहमी खलनायकाच्या वाट्याला येते. नायकाची टोळी नेमकी कशावर जगते हे धूसरच राहते. स्त्रिया बहुतेक करून वाचवल्या जाण्यासाठी किंवा क्लबात पेला भरून देण्यासाठी असतात. ही उणीव मालिकेने पुढे थोडीफार भरून काढली, पण पुरती नाही.

आठ, नऊ, तीन

'याकुझा' हा शब्द पत्त्यांच्या डावातून आला. ओइचो-काबू या जुगारात ८, ९ आणि ३ ही पाने आली की बेरीज २० होते, म्हणजे एकक शून्य, हात फुकट. या, कु, सा हे त्या आकड्यांचे उच्चार. एदो काळातले जुगारी आणि जत्रांतले फेरीवाले यांच्या टोळ्यांनी स्वतःला 'बिनकामाचे' म्हणवून घेतले, आणि पुढे त्याचाच अभिमान बाळगला. घरातून हाकललेल्याला टोळीत नवे घर मिळे. प्रमुख तो 'ओयाबुन', म्हणजे बापाच्या ठिकाणी. नवा आलेला 'कोबुन', मुलाच्या ठिकाणी. दोघे एकमेकांसमोर बसून साकेचा पेला घेत आणि नाते पक्के होई. चूक झाली तर करंगळीचे पेर कापून द्यायचे.

जगात इतरत्र क्वचितच दिसेल अशी एक गोष्ट जपानमध्ये होती, आणि पुष्कळ अंशी आजही आहे. याकुझा असणे हा तेथे स्वतंत्र गुन्हा नाही. टोळ्यांना कचेऱ्या असत, दारावर पाट्या असत, खिशात टोळीचे चिन्ह छापलेली भेटीची कार्डे असत. १९१५ मध्ये कोबेला स्थापन झालेली यामागुची-गुमी ही सर्वांत मोठी टोळी. १९९५ च्या कोबे भूकंपात तिने अन्नपाणी वाटले. हॅलोविनच्या दिवशी तिच्या मुख्य कचेरीत शेजारच्या मुलांना खाऊ मिळत असे. २०२० मध्ये ह्योगो प्रांताने नियम करून तो बंद पाडला.

हे वाचून कोणाचे मन पाघळू नये, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९२ मध्ये दिग्दर्शक जुझो इतामी यांनी याकुझाच्या खंडणीखोरीची टर उडवणारा चित्रपट काढला; तो प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच टोळीच्या गुंडांनी त्यांना घरासमोर गाठून त्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर वार केले. २००३ मध्ये कोकुरा शहरातल्या एका क्लबात हातबाँब फेकण्यात आला. मालकाने टोळीला विरोध केला एवढेच कारण. एप्रिल २००७ मध्ये नागासाकीचे महापौर इच्चो इतो यांना यामागुची-गुमीशी संबंधित गुंडाने गोळ्या घातल्या आणि त्यात त्यांचा अंत झाला. पेला, करंगळी आणि पाठीवरचा ड्रॅगन यांच्याखाली झाकलेला व्यवहार हा असा होता.

१९६३ मध्ये पोलिसांच्या मोजणीत याकुझांची संख्या १ लाख ८४ हजारांच्या घरात गेली होती. मार्च १९९२ पासून टोळीविरोधी कायदा अमलात आला. पण खरा घाव बसला तो नंतर. २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत जपानच्या सर्व ४७ प्रांतांनी बहिष्काराचे नियम लागू केले. त्यांची खुबी अशी, की ते याकुझाला कमी आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या सामान्य नागरिकाला अधिक धरतात. टोळीला पैसे देणारा दुकानदार, सभागृह भाड्याने देणारे हॉटेल, सारेच अडचणीत येतात. बँकेचे खाते, घराचा करार, मोबाईल, या प्रत्येक कागदावर 'मी टोळीचा सदस्य नाही' असे लिहून द्यावे लागते. खोटे लिहिले तर ती फसवणूक. ओळख लपवून गोल्फ खेळल्याबद्दलसुद्धा खटले चालले आहेत. परिणाम व्हायचा तो झाला. पहिला खेळ निघाला तेव्हा याकुझांची संख्या ८० हजारांहून अधिक होती. २०२४ च्या अखेरीस ती १८ हजार ८०० वर आली. त्यातही निम्म्याहून अधिक लोक पन्नाशी ओलांडलेले. आता बापाच्या ठिकाणी बसायला माणसे आहेत, मुलाच्या ठिकाणी बसायला कोणी येत नाही.

तीन परीक्षक

टोकियोत अनेक वर्षे गुन्हेवार्ताहर असलेले अमेरिकी पत्रकार जेक एडलस्टाइन यांनी २०१० मध्ये एक मजेदार प्रयोग केला. मालिकेचा तिसरा भाग त्यांनी तीन खऱ्या याकुझांपुढे ठेवला आणि त्यांना खेळून बघायला सांगितले. या भागात किरियू टोळी सोडून ओकिनावाच्या किनाऱ्यावर अनाथ मुलांचा आश्रम चालवत असतो. त्यावर त्यांच्यात चर्चा झाली. आश्रम चालवणारा माजी याकुझा आपण कधी पाहिला नाही, असे एकाने म्हटले. दुसरा म्हणाला, होता तसा एक, भला माणूस होता. तो करचुकवेगिरीचा मामला नव्हता कशावरून, असे पहिल्याने विचारताच दुसऱ्याने शांतपणे मान्य केले, की होताच. पण आश्रम त्याने नीट चालवला.

या उत्तरात अख्खा याकुझा सापडतो. खोटे नाही आणि पुरते खरेही नाही. आपण जसे असायला हवे होतो तसा किरियू आहे, ही त्याला दिलेली कबुलीच म्हणायची. ताकाकुराचे चित्रपट बघून खऱ्या याकुझांनी आपली चाल, आपला पोशाख सुधारला असे म्हणतात. म्हणजे आरसा आधी आला आणि चेहरा नंतर त्याच्यासारखा होऊ पाहू लागला.

बाहेर पडलेल्याची वाट

मालिकेच्या कर्त्यांचे श्रेय असे, की त्यांनी या आरशापुढेच बसून राहायचे नाकारले. जानेवारी २०२० मध्ये सातवा भाग आला आणि त्यात नायकच बदलला. नवा नायक इचिबान कासुगा. नावाचा अर्थ 'पहिला नंबर'; नशीब मात्र शेवटच्या नंबरचे. तोही टोळीसाठी दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतो आणि १८ वर्षे तुरुंगात काढतो. २०१९ मध्ये बाहेर येतो तेव्हा फाटकाशी घ्यायला कोणी आलेले नसते. ज्याला बाप मानले, तोच त्याच्या छातीत गोळी झाडतो, आणि इचिबान शुद्धीवर येतो तो योकोहामातल्या बेघरांच्या वस्तीत. त्याचे सोबती म्हणजे नोकरी गेलेला परिचारक, बडतर्फ पोलीस अधिकारी, बारमधली बाई. हे सारे 'हॅलो वर्क' या सरकारी रोजगार केंद्रात खेटे घालतात. त्याच भागात दोन बड्या टोळ्या आपण विसर्जित होत असल्याचे जाहीर करतात. लढाईसुद्धा बदलली, आता दोन्ही बाजूंनी आळीपाळीने डाव टाकायचे, कारण इचिबान लहानपणी खेळलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या डोळ्यांनी जगाकडे बघतो.

२०२४ च्या आठव्या भागात हाच इचिबान टोळी सुटलेल्यांना काम मिळवून देण्याच्या खटपटीत असतो. इंटरनेटवर एक बदनामीची चित्रफीत फिरते आणि त्याची नोकरी जाते. किरियूला कर्करोग झालेला असतो. वीस वर्षांपूर्वी सायकल उचलून दहा जणांना लोळवणारा माणूस आता आयुष्याचा हिशेब मांडत असतो.

येथे खेळाने खऱ्या जखमेवर बोट ठेवले आहे. टोळी सोडली म्हणून जपानमध्ये माणूस लगेच मोकळा होत नाही. बहिष्काराच्या नियमांत आणि करारांतल्या कलमांत साधारणपणे पाच वर्षांची अट असते. तेवढा काळ सोडून गेलेलाही टोळीतलाच धरला जातो. कारण उघड आहे. पूर्वी अनेकांनी सोडल्याचे नुसते नाटक केले होते. पण बँकेत खाते नाही म्हणून पगार जमा होत नाही, खाते नाही म्हणून भाड्याची खोली मिळत नाही, पत्ता नाही म्हणून नोकरी मिळत नाही, अशा फेऱ्यात जो सापडला त्याने पाच वर्षे कशावर काढायची? तोकाई टेलिव्हिजनने २०१५ मध्ये ओसाकातल्या एका टोळीत शिरून केलेल्या माहितीपटाने, राज्यघटनेने दिलेले हक्क या माणसांना लागू आहेत की नाहीत, असा थेट प्रश्न विचारला होता. २०२२ मध्ये राष्ट्रीय पोलीस यंत्रणेने, खरोखर टोळी सोडलेल्यांना खाते उघडायला बँकांनी साह्य करावे, अशी पावले उचलली. पण कागदावरची दारे उघडली तरी माणसांच्या मनातली उघडायला वेळ लागतो.

हीच ती मोठी विसंगती. किरियूच्या दुःखाने डोळे पुसणारा माणूस शेजारच्या खोलीत माजी याकुझा राहायला येतो म्हटले तर घरमालकाकडे तक्रार घेऊन जाईल. त्यात त्याचा दोष आहे, असेही सरसकट म्हणता येत नाही. ज्याने टोळीची दहशत सोसली आहे त्याने क्षमा करावी, असा हट्ट लांब बसलेल्याने धरू नये. एवढेच म्हणायचे, की पश्चात्ताप झालेला गुंड आपल्याला कथेत हवा असतो, जिन्यावर नको असतो.

रिकामी झालेली जागा

याकुझा ओसरला म्हणून गुन्हा ओसरला असे मात्र झाले नाही. २०२२-२३ मध्ये जपानमध्ये घरफोड्यांची एक मालिकाच झाली. जानेवारी २०२३ मध्ये टोकियो महानगर प्रांतातल्या कोमाए शहरात ९० वर्षांच्या वृद्धेला दरोडेखोरांनी ठार मारले. हुकूम सोडणारे बसले होते फिलिपिन्सच्या कोठडीत, आणि त्यांनी घेतलेले टोपणनाव होते 'लुफी'. तेही एका लाडक्या कॉमिकमधल्या नायकाचे. प्रत्यक्ष दरोडा घालणारे होते 'यामी बाइतो', म्हणजे काळ्या कामाची रोजंदारी पत्करलेले तरुण. एकमेकांना न ओळखणारे, मोबाईलवरच्या जाहिरातीला भुललेले. पोलिसांनी अशा टोळ्यांना 'तोकुरियू' हे नाव दिले आहे. निनावी आणि वाहते गट असा त्याचा अर्थ. त्यांना कचेरी नाही, पाटी नाही, पेला नाही, बाप नाही. पकडले जाते ते पोर, आणि वरचा कोण होता हे त्यालाही ठाऊक नसते.

याचा अर्थ जुन्या टोळ्या बऱ्या होत्या असा कोणी काढू नये. कोकुराच्या क्लबातल्या बायकांना किंवा नागासाकीच्या महापौरांच्या घरच्यांना तो पटणार नाही. पण ज्या एकट्या, टाकलेल्या पोरांना पूर्वी याकुझा आपल्या पंखाखाली घेऊन बिघडवत असे, ती पोरे काही नाहीशी झालेली नाहीत. टोळी मोडता आली. तिला माणसे पुरवणारे पोरकेपण मोडता आले नाही.

काबुकिचोतले जुने कोमा थिएटर २००८ मध्ये बंद झाले. त्या जागी २०१५ मध्ये नवी इमारत आली. तिच्या गच्चीवरून गॉडझिलाचे भलेथोरले डोके खाली बघत असते. तोहो सिनेमाच्या या इमारतीशेजारी गेली काही वर्षे घरातून पळून आलेली अल्पवयीन मुलेमुली जमतात. रस्त्यावरच बसतात, तेथेच झोपतात. त्यांना 'तोयोको' म्हणजे 'तोहोच्या बाजूची' मुले असे नाव पडले आहे. पोलीस अधूनमधून त्यांना उठवतात, काही स्वयंसेवक त्यांची विचारपूस करतात, आणि त्यांच्या असहायतेवर टपलेली माणसेही तेथेच घुटमळत असतात.

२००५ च्या खेळात किरियूला हारुका भेटते ती अशाच एका रात्री, याच गल्ल्यांत, एकटी. तो तिच्यापाशी थांबतो आणि तेथून त्याचे आयुष्य बदलते. वीस वर्षे लाखो लोकांनी हातातले बटण दाबून त्या मुलीला सुखरूप पैलतीरी नेले. कमानीखालून रोज जाणाऱ्या गर्दीतही त्यांतले कितीतरी असतील. तोहोच्या बाजूला बसलेल्या मुलीपाशी थांबण्यासाठी मात्र पाठीवर ड्रॅगन असावा लागत नाही.